लंडनमध्ये आपलं जेवण : भगूर ते हाउन्स्लो

नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर १९०६ च्या जुलैमध्ये लंडनला पोहोचले, तेव्हा त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय आधीच लागलेली होती. उत्तर लंडनच्या हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू इथे पंडित श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १ जुलै १९०५ ला ‘इंडिया हाउस’ सुरू केलं होतं. पंचवीसेक हिंदी विद्यार्थी तिथे राहू शकत. शाळेच्या पुस्तकात हे घर भेटतं ते क्रांतिकारकांचं ठिकाण म्हणून, आणि ते तसं होतंच. पण एरवी, रोजच्या रोज, ते एक वसतिगृह होतं. काळ्या माणसाला खोली द्यायला नाखूश असलेल्या शहरात हिंदी मुलाला हक्काचं अंथरूण आणि ओळखीच्या चवीचं जेवण एका छपराखाली मिळत होतं. घर श्यामजींनी स्वतःच्या पैशातून घेतलं होतं, म्हणून ते परवडत होतं.

परदेशात आपलं जेवण मिळवण्याच्या गोष्टी सांगताना बहुतेक जण मसाल्यांची, भाज्यांची, पावाची टंचाई सांगतात. ती होतीच. पण लंडनमधल्या मराठी माणसाच्या ताटाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा मागोवा घेतला की अडचण वेगळीच दिसते. जेवण स्वस्त मिळालं ते जागेचं भाडं कुणीतरी उचललं तेव्हा. भाडं वाढलं की ताट महागलं किंवा उचललं गेलं.

१ जुलै १९०९ ला क्रांतिकारक मदनलाल धिंग्रांनी ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या आणि इंडिया हाउसची घडी मोडली. मुलं पांगली. सावरकर काही दिवस होबर्नमधल्या रेड लायन पॅसेजमध्ये एका हिंदी खाणावळीच्या वरच्या खोलीत राहिले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला बेजवॉटरमधल्या निझामुद्दीनच्या उपाहारगृहात हिंदी मंडळींनी दसऱ्याचं जेवण ठेवलं. अध्यक्ष म्हणून मोहनदास गांधींना बोलावलं होतं. जेवण शाकाहारी असावं आणि वादाचं राजकारण बोललं जाऊ नये, अशा त्यांच्या अटी होत्या. स्वयंपाक विद्यार्थीच करत होते. त्यांतले एक, तमिळनाडूचे टी. एस. एस. राजन यांनी पुढे आठवण लिहून ठेवली आहे. दुपारी एक किरकोळ बांध्याचा गृहस्थ आला, भाज्या चिरायला आणि भांडी घासायला बसला. कुणी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. संध्याकाळी सावरकरांचे सहकारी व्ही. व्ही. एस. अय्यर आत आले तेव्हा उलगडा झाला की भांडी घासणारे हेच आजचे अध्यक्ष.

या प्रसंगाबद्दल लिहिणारे बहुतेक जण थेट भाषणांकडे वळतात : गांधी काय बोलले, सावरकरांनी काय उत्तर दिलं. ते समजण्यासारखं आहे. पण भाषणांच्या आधीचे ते दोन-तीन तास तेवढेच मोलाचे आहेत. परक्या शहरात चार माणसांना घरचं जेवायला घालायचं, तर कांदा-बटाटा सोलायला हात लागतात, आणि त्या दिवशी ते हात पैसे न घेता राबले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना असे हात मिळाले नाहीत. १९१६ मध्ये ते पहिल्यांदा लंडनला आले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावं लागलं, आणि १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा निघाले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज घेऊन. पैसे मोजकेच होते आणि सगळे अभ्यासासाठी होते. त्यांच्या तेव्हाच्या दिनक्रमाचं वर्णन चरित्रकारांनी केलं आहे. घरमालकीण सकाळी देई तो चहा, पावाचा तुकडा, जरासा मुरंबा, माशाचा तुकडा. त्यावर दिवस काढायचा. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात उघडल्यापासून बंद होईपर्यंत वाचन, दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री दहाच्या सुमाराला पोटात आग पडे. एका परिचिताने त्यांना पापड दिले होते. पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजायचे, त्यावर कपभर दूध प्यायचं आणि पुन्हा पुस्तक उघडायचं.

त्या चार पापडांना मराठी जेवणाच्या इतिहासात मोठी जागा द्यायला हवी. शिजवायला चूल लागत नाही, वजन नाही, महिनोन्‌महिने टिकतात आणि भाजताना घराचा वास येतो. नाशिकच्या मिसळीच्या ताटलीत आजही पापड असतोच, पण तिथे तो तोंडीलावणं आहे. लंडनच्या त्या खोलीत तो जेवण होता. याच अर्धपोटी वर्षांत ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध लिहून झाला. पुढे १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि १९३५ मध्ये येवल्याची घोषणा करणारा माणूस या खोल्यांमधून घडून आला. किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे आज स्मारक आहे.

बाबासाहेबांच्या त्याच काळात, १९२० मध्ये, वायएमसीएने हिंदी विद्यार्थ्यांसाठी लंडनमध्ये वसतिगृह काढलं. फिट्झरॉय स्क्वेअरची आजची इमारत १९५३ ची. संस्था धर्मादाय असल्याने जेवणाचा दर खाली राहिला आणि वरण-भाताला आसुसलेली कितीतरी मुलं तिथल्या भोजनगृहात जेवून गेली. १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर ‘वीरास्वामी’ सुरू झालं. ते आजही नावाजलेलं आहे, पण ते श्रीमंतांचं आणि हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबांचं हॉटेल होतं. विद्यार्थ्याच्या खिशाला त्याचा उपयोग नव्हता.

१९३२ मध्ये न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने महाराष्ट्र मंडळ लंडन स्थापन झालं. भारताबाहेरच्या सर्वांत जुन्या मराठी मंडळांपैकी हे एक. मंडळाला स्वतःची वास्तू मिळायला पुढे अनेक दशकं जावी लागली, आज ती डॉलिस हिलला आहे. तोवर गणपती आणि दिवाळी भाड्याच्या सभागृहांत आणि सभासदांच्या स्वयंपाकघरांत साजरी झाली. मोदक, चिवडा, चकली हे सगळं घराघरांत करून आणायचं आणि एकत्र वाटून खायचं, ही पद्धत तिथूनच पडली.

मधे युद्ध आलं. ब्रिटनमध्ये १९४० च्या जानेवारीत सुरू झालेलं रेशनिंग १९५४ च्या जुलैपर्यंत चाललं. साखर, लोणी, मांस सगळं मोजून. त्या काळात लाडू वळणाऱ्या गृहिणीला साखरेची कुपनं महिन्या-दोन महिन्यांआधीपासून बाजूला काढल्याशिवाय भागणारं नव्हतं.

रेशनिंग चालू असतानाच १९५१ मध्ये, भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटलेल्या इंडिया लीगच्या मंडळींनी ‘इंडिया क्लब’ काढला. कृष्ण मेनन त्यात होते. पुढे तो स्ट्रँडवरच्या १४३ क्रमांकाच्या इमारतीत गेला. भारतीय उच्चायुक्तालय तिथून हाकेच्या अंतरावर. अरुंद जिना चढून वर गेलं की साध्या टेबलांवर डोसा, भजी, आमटी-भात, आणि दर असा की कारकुनाला रोज परवडावा. मध्य लंडनमध्ये त्या दराने पोटभर जेवण देणारी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला यूस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर ‘दिवाणा भेळपुरी हाउस’ आलं आणि चौपाटीची चव लंडनच्या पदपथावर उतरली.

मराठी स्वयंपाकघराला खरा आधार मिळाला तो मात्र गुजराती दुकानदारांचा. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना हाकललं आणि सत्तावीस-अठ्ठावीस हजार माणसं ब्रिटनला आली. त्यांतल्या अनेकांनी वेम्बली, लेस्टर आणि आसपासच्या भागांत वाण्याची दुकानं थाटली. तूरडाळ, बेसन, पोहे, साबुदाणा, ताजी मेथी, भेंडी, कोवळी गवार सगळं एका रांगेत मिळू लागलं. तोवर मुगाच्या डाळीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या डॉक्टरांच्या आणि इंजिनिअरांच्या घरी रोज वरणाचा कुकर लागू लागला. घर सोडून आलेल्यांनीच घरापासून दूर असलेल्यांची सोय केली, हे ऋण मराठी माणसाने मोकळेपणाने मानलं पाहिजे.

दोन गोष्टी या दुकानांत मिळाल्या नाहीत : लादीपाव आणि काळा मसाला. पावाची अडचण ‘बॅप’ने भागवली. ब्रिटिश बेकरीतला हा मऊ, गोल, वरून पीठ भुरभुरलेला पाव तव्यावर लोण्यात शेकला की मिसळीसोबत बरा चालतो. काळ्या मसाल्याला मात्र पर्याय नाही. नाशिकच्या मिसळीचा गडद रस्सा त्याच्यावर उभा असतो, आणि तो करायचा तर सुकं खोबरं, कांदा, तीळ, दगडफूल आणि मिरच्या करपण्याच्या बेतापर्यंत भाजाव्या लागतात. लंडनच्या फ्लॅटमध्ये मिरच्या भाजायला घेतल्या की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारी दार ठोठावतात. म्हणून मसाला नाशिकहूनच जातो, तिहेरी पिशवीत बांधून, कपड्यांच्या मधे, कोंडाजी चिवड्याच्या पाकिटांशेजारी. पेढे आणि बर्फी नेता येत नाही, कारण दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये न्यायला मनाई आहे.

२००९ च्या मंदीत सुजय सोहोनी यांची लंडनच्या एका पंचतारांकित हॉटेलातली नोकरी गेली. खिशात वडापाव घेण्याइतकेही पैसे नाहीत, असं ते मित्राला, सुबोध जोशींना, म्हणाले, आणि त्या बोलण्यातून धंद्याची कल्पना निघाली. दोघे वांद्र्याच्या रिझवी महाविद्यालयात हॉटेल व्यवस्थापन शिकलेले. अडचण पुन्हा तीच : जागा. लंडनमध्ये दुकान भाड्याने घ्यायचं तर होतं-नव्हतं ते संपलं असतं. शेवटी हाउन्स्लोमध्ये एका पोलिश आइस्क्रीम कॅफेच्या मालकाने दोन टेबलांची जागा महिना ४०० पाउंडांवर दिली. १५ ऑगस्ट २०१० ला ‘श्रीकृष्ण वडापाव’ सुरू झालं. वडापाव एक पाउंड, दाबेली दीड पाउंड. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा दोघांनी रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट वडापाव चाखायला दिले. धंदा जमला, कोपऱ्याचं दुकान झालं, दुकानाच्या शाखा झाल्या.

एक पाउंडाचा वडापाव बाहेर विकणं किती अवघड आहे, हे ब्रिटनचा करच सांगतो. डाळ, पीठ, भाजी यांवर व्हॅट शून्य आहे, तर गरम करून विकलेल्या खाण्यावर २० टक्के. भाडं, मजुरी आणि हा कर धरून एका पाउंडात वडापाव द्यायचा तर खर्च इतका खाली आणावा लागतो की जागा म्हणून दुसऱ्याच्या दुकानाचा कोपराच हवा. विमानतळाजवळच्या हाउन्स्लोमध्ये हे शक्य झालं. स्ट्रँडवर झालं नसतं.

स्ट्रँडवर तर जे होतं तेही गेलं. जागामालकांना इंडिया क्लबच्या इमारतीत आधुनिक हॉटेल करायचं होतं. २०१८ मध्ये लोकांनी सह्या गोळा केल्या, महापालिकेने परवानगी नाकारली आणि इंडिया क्लबला काही वर्षं मिळाली. पण १७ सप्टेंबर २०२३ ला तो बंद झाला. शेवटच्या दिवसांत जिन्यावर रांगा लागल्या होत्या. ज्या शहरात एका पत्त्यावर कित्येक दशकांच्या आठवणी साचल्या, तिथे त्या पत्त्याला वारसा म्हणून वाचवण्याची तरतूद कमी पडली, हे वाईट झालं.

या सगळ्यात नाशिकचा वाटा माणसांपुरता राहिलेला नाही. फेब्रुवारी ते एप्रिल ब्रिटनच्या सुपरमार्केटमध्ये दिंडोरी-निफाडची द्राक्षं असतात. अमेरिकेतल्या मराठी घरांत हापूस पोहोचला तोही लासलगावमार्गे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून तिथे २००२ मध्ये विकिरण केंद्र, ‘कृषक’, उभं राहिलं. अमेरिकेने भारतीय आंब्यावरची अठरा वर्षांची बंदी उठवताना कोयीतल्या किडीसाठी गॅमा किरणांची अट घातली, आणि ती पुरी करण्याची सोय लासलगावात तयार होती. २००७ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीचा आंबा कांद्याच्या बाजारपेठेतून अमेरिकेला गेला. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून हापूससह भारतीय आंब्यांवर बंदी घातली, तेव्हा लंडनचा त्या वर्षीचा उरलेला मोसम हापूसविना गेला. २०१५ च्या मोसमाआधी ती उठली.

आज लंडनला शिकायला जाणाऱ्या नाशिकच्या मुलीला व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे ठरावीक पैसे खात्यात दाखवावे लागतात; २०२५ च्या जानेवारीत ही रक्कम महिना १,४८३ पाउंड होती. त्यातला मोठा वाटा खोलीच्या भाड्यात जातो. मग चार मुलांनी मिळून एक स्वयंपाकघर घ्यायचं, दहा किलोंचं कणकेचं पोतं वेम्बलीहून आळीपाळीने आणायचं, शनिवारी आमटीचं पातेलं चढवायचं, आणि वडापाव महिन्यातून एखाद्या वेळी हाउन्स्लोला जाऊन खायचा.