मामींचे न सांगितलेले दुखणे

वसमत तालुक्यातले हट्टा हे माझे आजोळ. गेल्या शिमग्यात मी तिथे गेले तेव्हा हळदीचा हंगाम भरात होता. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि मामींची सून, सातव्या महिन्यातली, ओसरीवर शेंगा फोडीत बसली होती. तिला शिंक आली. पोर चटकन उठून आत गेली, आणि बाहेर आली ती साडी बदलूनच. कोणी काही विचारले नाही.

रात्री मामी माझ्या अंथरुणाशी येऊन बसल्या. ‘‘माय, तू शिकलेली. हिचं माझ्यावाणी व्हायला नको,’’ म्हणाल्या. मग हळूहळू सारे बाहेर आले. तिसऱ्या बाळंतपणानंतर विसाव्या दिवशीच त्यांनी डोक्यावर पाण्याची घागर घेतली होती. तेव्हापासून अंग बाहेर येते. तीस वर्षे! मामांनाही पत्ता नाही. पंढरीची वारी त्यांनी का सोडली, हे मला त्या रात्री कळले.

मी मराठी शिकवते. आपल्या भाषेत ‘अंग बाहेर येणे’ असे या दुखण्याला नाव आहे. पण जे स्नायू सैल पडल्याने ते ओढवते, त्यांना घरगुती नावच नाही! ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, हे स्नायू झोळीसारखे बांधलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय हे सारे त्या झोळीवर तोललेले. गर्भारपणी ओझे वाढते आणि प्रसूतीत झोळी अतोनात ताणली जाते.

मामी काही एकट्या नव्हेत. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. शंभरांतल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८!

दुसऱ्या दिवशी माझ्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन लावला. त्यांनी सुनेला सांगितलेला व्यायाम अमेरिकेच्या डॉ. केगेल यांनी १९४८ साली मांडला, आणि त्याला खर्च दमडीचा नाही. लघवी व वारा एकदमच रोखून धरावा, तसे खालचे स्नायू आत, वर ओढायचे. सहा-आठ सेकंद धरायचे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. मूलबंध करणाऱ्यांना ओळखीचे वाटेल. पण श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत. लघवी करताना धार थांबवण्याचा सराव तर मुळीच नको. सैल सोडणेही नीट शिकावे, कारण प्रसूतीत तेच उपयोगी पडते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, शिंकेआधी स्नायू आवळून घ्यावेत. ज्यांना आधी त्रास नसतो अशा गर्भवतींनी हा व्यायाम केला, तर शेवटच्या महिन्यांत लघवी गळण्याचा संभव निम्म्याहून कमी होतो, असे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. मात्र पाणी सतत झिरपू लागले, जळजळ झाली किंवा रक्त दिसले, तर व्यायाम करीत न बसता तडक दवाखाना गाठावा.

‘‘आणि माझं?’’ मामींनी हळूच विचारले. इतके वाढलेले दुखणे नुसत्या व्यायामाने परतत नाही. त्यांना वसमतला डॉक्टरीणबाईंकडे नेले. तपासून त्यांनी आधाराची रिंग बसवली आणि ती वेळोवेळी तपासून घ्यायला बजावले. वाटेत मामी म्हणतात, ‘‘तुझ्या मामाला काय सांगायचं?’’ मी म्हटले, ‘‘खरं ते सांगा.’’ सांगितले की नाही, देव जाणे.

श्रावणात त्यांचा फोन आला. सून मुलाला पाजतानाही आठवणीने व्यायाम करते. आणि स्वतः मामी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आल्या होत्या. ‘‘दोन तास रांगेत उभी होते, माय!’’

— आणि मग लगेच, ‘‘शेजारच्या चौघीजणी विचारतायत, तू कधी येतीस म्हणून.’’