शेजाऱ्याचा सल्ला : घ्यावा कसा, द्यावा कसा



मृगाच्या सरी पडल्या की अहेरी परिसरातील धान उत्पादकापुढे रोज नवा प्रश्न उभा राहतो. पऱ्हे केव्हा टाकावेत? कोणते वाण घ्यावे? पाने पिवळी का पडली? प्रश्न पडल्यावर तो प्रथम कोठे जातो? गडचिरोलीजवळील सोनापूरचे कृषी विज्ञान केंद्र अहेरीपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. सिंदेवाहीचे धान संशोधन केंद्र त्याहूनही पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात आहे. शेजाऱ्याचा धुरा मात्र हाकेच्या अंतरावर असतो. म्हणून तो शेजाऱ्याला विचारतो, आणि त्यात गैर काहीच नाही. शेजाऱ्याने तीच माती, तोच पाऊस आणि तीच कीड पाहिलेली असते.

परंतु असा सल्ला फुकट मिळत असला तरी तो फसल्यास पूर्ण हंगाम हातचा जातो. बहुतेक वेळा सल्ला खोटा नसतो, तो अर्धा असतो. ‘काय केले’ एवढेच सांगितले जाते. ‘कोणत्या बांधीत, केव्हा आणि किती’ हे सांगायचे राहून जाते. तेव्हा सल्ला आणि बियाणे देताना त्यासोबत पूर्ण हकीकतही द्यावी आणि घेणाऱ्याने ती विचारून घ्यावी, हे या लेखातून सांगावयाचे आहे.

सल्ला अर्धा कसा राहतो?

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. बोडीखालच्या बांधीत भारी धान, म्हणजे साधारण १४० ते १५० दिवसांचे वाण, भरघोस येते. ते पाहून वरच्या टिकरावरील शेतकरी तेच बियाणे नेतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबतो. खालच्या बांधीत ओल टिकते. वरची बांधी ऐन निसवण्याच्या वेळी भेगाळते आणि लोंबीत पळींज राहते. येथे बियाण्याचा दोष नसतो. वरच्या जमिनीला ११० ते १२० दिवसांचे हलके धान हवे होते. पाणी किती दिवस टिकते, हा एक प्रश्न विचारला गेला नाही.

दुसरे उदाहरण युरियाचे. शेजारच्या बांधीतील धान काळेभोर दिसले की आपणही आणखी एक हप्ता टाकावा असे वाटते. नत्र गरजेपेक्षा जास्त झाल्यास पीक लुसलुशीत होते, लोळते आणि त्यावर तुडतुडे व करपा यांचा प्रादुर्भाव वाढतो. शेजाऱ्याने शेणखत किती घातले होते, रोवणी केव्हा केली होती, हे माहीत नसताना केवळ रंग पाहून खत देऊ नये.

म्हणून कोणताही सल्ला घेताना पुढील पाच गोष्टी विचाराव्यात.

१) जमीन कोणती? खोल की उथळ, वरची की खालची?
२) पाणी कोठून मिळते आणि केव्हापर्यंत टिकते?
३) पेरणी व रोवणी केव्हा केली?
४) खत किंवा औषध कोणते, किती आणि किती वेळा दिले?
५) हे किती वर्षे करून पाहिले? कोणत्या वर्षी फसले?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. पीक साधले तर गावभर सांगितले जाते, बुडाले तर माणूस गप्प बसतो. वास्तविक बुडालेल्या पिकाची हकीकतच शेजाऱ्याचे नुकसान वाचविते. एवढे विचारूनही नवीन गोष्ट प्रथम एकाच बांधीत करून पाहावी. बाकीच्या बांध्यांत नेहमीची पद्धत ठेवावी. कापणीला दोन्ही बांध्यांचे धान वेगवेगळे मोजावे.

नांदेड गावच्या बियाण्याची हकीकत

बियाणे हातोहात किती दूर जाते, याचे उदाहरण आपल्या भागातच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या ‘पटेल ३’ धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून जपून ठेवल्या, पुढील हंगामात स्वतंत्र पेरल्या आणि दरवर्षी निवड करीत बियाणे वाढविले. बारीक दाण्याचे हे धान पुढे इतर शेतकऱ्यांकडे व बाजारात गेले. त्या काळी घड्याळांमुळे घराघरांत माहीत असलेले ‘एचएमटी’ हे नाव त्याला पडले. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने याच धानातून शुद्ध केलेले वाण ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने प्रसारित केले.

बियाणे सर्वदूर गेले, पण ते निवडणाऱ्याचे नाव त्यासोबत गेले नाही. राष्ट्रीय पातळीवर दादाजींचा सन्मान होण्यास २००५ साल उजाडले. दरम्यान त्यांनी आणखीही अनेक वाणे निवडली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. यातून दोन बोध घ्यावेत. पहिला असा, की बारीक नजरेचा शेजारी हा गावाचा ठेवा आहे, त्याला विचारावे. दुसरा असा, की ज्याच्याकडून मिळाले त्याचे नाव सांगावे. हा केवळ मानाचा प्रश्न नाही. पुढे शंका आल्यास कोणाकडे जावे, हे त्या नावावरूनच कळते.

बियाणे देता-घेताना

धान हे स्वपरागित पीक आहे. त्यामुळे सुधारित वा स्थानिक वाणाचे घरचे बियाणे काळजी घेतल्यास काही वर्षे वापरता येते. संकरित धानाचे तसे करता येत नाही. त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही. घरचे बियाणे राखण्याचा, एकमेकांना देण्याचा व विकण्याचा हक्क शेतकऱ्यांना वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार आहे. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे छापील नाममुद्रा लावून विकता येत नाही.

बियाणे देणाऱ्याने बांधीच्या मधल्या भागातील, भेसळ काढलेल्या पिकाचेच धान बियाण्यासाठी ठेवावे. ते चांगले वाळवावे. पिशवीत एक चिठ्ठी घालावी. तीत वाणाचे नाव, कापणीचे वर्ष, पिकाचे दिवस, जमिनीचा प्रकार आणि मूळ बियाणे कोणाकडून आणले, हे लिहावे.

घेणाऱ्याने मे महिन्यात उगवणशक्ती तपासावी. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने ठेवून गोणपाट गुंडाळावे, सावलीत ठेवावे व वाळू देऊ नये. सात-आठ दिवसांनी मोड मोजावेत. ८० किंवा अधिक दाणे उगवल्यास बियाणे चांगले समजावे. थोडे कमी असल्यास त्या मानाने बियाण्याचे प्रमाण वाढवावे. फारच कमी असल्यास ते पेरू नये. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे. वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे.

एकट्याने न होणारी कामे

काही कामांत शेजाऱ्याचा सल्ला पुरत नाही, त्याची साथ लागते. किडीला धुरा दिसत नाही. एकाच शिवारात रोवणी महिनाभर मागेपुढे झाली, तर गादमाशीला सतत कोवळे पीक मिळत राहते. म्हणून शिवारातील सर्वांनी बसून रोवणी शक्य तेवढी एकाच सुमारास आटोपावी. मजूर व बैलजोड्या अपुऱ्या असतील, तर आळीपाळीने एकमेकांकडे जावे. राज्यात इतरत्र यालाच सावड किंवा इर्जिक म्हणतात.

तुडतुड्यांचेही तसेच आहे. ते चुडाच्या बुडाशी असतात. वरून पाहून कळत नाही. चूड वाकवून पाहावा. चुडामागे दहाच्या आसपास तुडतुडे दिसल्यास बांधीतील पाणी काढावे, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि त्याच दिवशी भोवतालच्या चारही बांधीवाल्यांना सांगावे. चार दिवसांनी सांगितल्यास उपयोग होत नाही.

उतेऱ्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. धान कापणीच्या आठ-पंधरा दिवस आधी उभ्या पिकात, ओलीवर लाखोरी किंवा जवस फेकल्यास फारसा खर्च न करता दुसरे पीक मिळते. परंतु धान निघाले की गुरे मोकाट सुटतात आणि एकट्याचा उतेरा चरला जातो. येथे कुंपणापेक्षा गावाचा ठराव स्वस्त पडतो. गुरे केव्हापर्यंत बांधायची, राखणदार कोण आणि त्याला धान किती द्यायचे, हे कापणीपूर्वीच ठरवावे.

असे एकत्र बसण्याची पद्धत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने घालून दिली आहे. तेथे अभ्यासगटात एखादा विषय समजून घेतला जातो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही मतदानाने नव्हे तर सर्वसहमतीने. याच रीतीने चालत गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला. आधी माहिती, मग निर्णय हा क्रम उतेऱ्यालाही लागू पडतो.

येथे शेजाऱ्यावर विसंबू नये

कीटकनाशकाच्या बाबतीत ऐकीव सल्ला घेऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला. उरलेले औषध शेजाऱ्याला दुसऱ्या बाटलीत ओतून देऊ नये. कोणाच्या सांगण्यावरून दोन-तीन औषधे एकत्र करू नयेत. मात्रा डब्यावरील चिठ्ठीप्रमाणेच घ्यावी. चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांसमोर अंधारी आल्यास घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णास दवाखान्यात न्यावे व औषधाचा डबा सोबत न्यावा. अशा वेळी शेजाऱ्याची खरी मदत म्हणजे वाहनाची सोय करणे. रोग-किडीविषयी शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

सुरुवात कशी करावी?

पऱ्हे टाकण्यापूर्वी एका संध्याकाळी समाजमंदिरात किंवा गोटुलात आपल्या शिवारातील मंडळींनी जमावे. स्त्रियांना आवर्जून बोलवावे. रोवणी, निंदणी व बियाण्याची साठवण त्यांच्याच हातची असते. अहेरी परिसरात मराठीबरोबर गोंडी, माडिया आणि तेलुगू बोलली जाते. ज्याला ज्या भाषेत नीट सांगता येते, त्याने त्या भाषेत सांगावे व दुसऱ्याने समजावून द्यावे. प्रत्येकाने मागील हंगामातील एक साधलेली आणि एक फसलेली गोष्ट सांगावी. शाळेत जाणाऱ्या मुलाने ती वहीत वर्ष व बांधीसह लिहून घ्यावी.

अशी वही तीन-चार हंगाम चालली, तर आपल्या शिवारात कोणत्या बांधीला काय मानवते, हे तीत सापडेल. ही माहिती बाहेरून कोणी आणून देऊ शकत नाही. ती आपणच एकमेकांना द्यावयाची आहे. मात्र अर्धी नव्हे, पूर्ण द्यावी.