हार्ड डिस्कवरचा यमन

संपादकांनी सांगितलेलं काम वरकरणी सोपं होतं. घरच्या चांगल्या अँप्लिफायर-स्पीकरला जोडायला हार्ड डिस्कवाला म्युझिक प्लेअर घ्यायचा, तर कोणता घ्यावा? ‘किमतींचा तक्ता नको, वाचवेल असं काहीतरी द्या,’ अशी वर पुस्ती. महिन्याला शे-दीडशे रुपयांत फोनवर जगभरचं गाणं मिळत असताना हा प्रश्न आता कोण विचारत असेल, असं मला आधी वाटलं होतं. उत्तर कोथरूडमध्ये सापडलं. ज्यांच्या कपाटात सीडी आहेत, ते विचारतात.

मित्राचे काका बँकेतून निवृत्त झाले आहेत. भिंतभर सीडी, त्यातल्या कितीतरी दुकानात कधीच न आलेल्या. कुणाच्या तरी घरच्या बैठका, आधी कॅसेटवर धरलेल्या आणि पुढे भाच्याने सीडी-आरवर उतरवून दिलेल्या. फोनवरच्या ॲपमध्ये यातलं काहीच नाही. शिवाय सीडी-आरमध्ये लेझरने रंगद्रव्यावर खुणा उठवलेल्या असतात आणि ते द्रव्य काळाने, उन्हाने विटतं. म्हणजे घाई आहेच. पण काकांची अट वेगळीच होती. “मी यमन म्हटलं की घरातले सगळे यमन ओळीने समोर यायला हवेत. किशोरीताईंचा, मन्सूरांचा, आपल्या बैठकीतला. तेवढं होणार नसेल तर कपाट काय वाईट आहे?”

या अटीवर बाजारातले बहुतेक डबे नापास होतात.

इतिहास थोडक्यात उरकतो. आयबीएमची पहिली हार्ड डिस्क १९५६ची, दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांची. तिच्यात जेमतेम ५० लाख अक्षरं मावत, म्हणजे सीडीवरचं अर्धा मिनिट गाणंही बसलं नसतं. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. २००१ मध्ये ॲपलने ५ जीबीची चिमुकली डिस्क आयपॉडमधून लोकांच्या खिशात घातली. त्याच सुमारास यामाहाने घरच्या रॅकमध्ये बसणारा सीडीआर-एचडी१००० काढला. आत २० जीबी, म्हणजे सीडीच्या दर्जाचं साधारण तीसेक तासांचं गाणं. पण हे यंत्र नेटवर्कला जोडता येत नव्हतं आणि गाण्यांची नावं रिमोटने एकेक अक्षर टिपत बसावं लागे. या जातीच्या यंत्रांचं मूळ दुखणं तेव्हाच दिसलं होतं. गाणं आत घालणं सोपं, त्याला नाव देणं अवघड आणि ते पुन्हा बाहेर काढणं त्याहून अवघड.

डबा निवडायला म्हणून गेलो आणि काकांच्या टेबलावरच्या एका काळ्या, हातभर लांबही नसलेल्या सीडी ड्राइव्हपाशीच रमलो. अख्ख्या प्रकरणातला खरा कामगार तोच आहे.

सीडीवर कॉम्प्युटरसारख्या फायली नसतात. मधल्या भागातून सुरू होऊन कडेकडे जाणारी एकच लांबलचक सर्पिल रेघ असते, पाच किलोमीटरहून जास्त भरणारी. तिच्यात सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन वाहिन्यांचे, प्रत्येकी १६ बिटांचे. वेग रेषेवर कायम ठेवायचा असल्यामुळे तबकडी आतल्या भागात मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते आणि कडेला पोहोचेपर्यंत २०० वर येते. साध्या सीडी प्लेअरला हे सगळं गाणं चालू असतानाच वाचायचं असतं. ओरखडा आला तर थांबून पुन्हा पाहायला त्याला सवड नाही. सोबत कोरलेल्या जादा माहितीवरून तो चूक दुरुस्त करतो. तेही जमलं नाही तर आजूबाजूचे नमुने पाहून मधला अंदाजाने भरतो आणि पुढे जातो. ऐकणाऱ्याला बहुधा पत्ताही लागत नाही.

गाणं डिस्कवर उतरवणाऱ्या ड्राइव्हला मात्र वेळच वेळ असतो. काकांनी एक धुरकट झालेली तबकडी मऊ सुती कापडाने पुसली, मधून कडेला सरळ, गोल गोल नाही. आत सरकवली. पहिले दोन ट्रॅक भराभर उतरले. तिसऱ्यावर ड्राइव्हचा आवाज खाली आला, मग एकदम चढला, पुन्हा खाली आला. पडद्यावरची पट्टी जागची हलेना. तो त्याच सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाशी झटत होता. सीडीवरचा ध्वनी तेवढ्या तुकड्यांत वाचला जातो. एक तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा आणि बहुमताने जुळलेलं उत्तर खरं मानायचं, अशी त्याची चिवट पद्धत. जर्मनीच्या आंद्रे वीटहॉफने १९९८ मध्ये काढलेल्या ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या प्रोग्रामने ती घरोघरी नेली.

पुढे आणखी एक पडताळणी आली. तीच सीडी जगात इतर कुणी उतरवली असेल, तर त्यांच्या फायलीची बेरीज आणि आपली बेरीज ताडून पाहायची. जुळली की निर्धास्त. याला ॲक्युरेटरिप म्हणतात. बीटल्सच्या सीडीला शेकडो साक्षीदार मिळतात. मुंबईच्या एखाद्या छोट्या कंपनीने काढलेल्या जयपूर घराण्याच्या सीडीला एकही नाही, आणि घरच्या बैठकीला तर कुठून मिळणार? तिथे काका वेगळ्या कंपनीच्या दुसऱ्या ड्राइव्हवर तीच तबकडी पुन्हा उतरवतात आणि दोन्ही जुळतात का पाहतात. दोन ड्राइव्ह वाचायला सुरुवात करताना काही नमुने मागेपुढे असतात, तेवढा फरक प्रोग्रामला आधी सांगून ठेवावा लागतो. “बँकेत दोन सह्या लागायच्या ना, तसं,” काका म्हणाले.

तिसरा ट्रॅक अखेर जुळला. तो होईपर्यंत आमचा दुसरा चहा झाला होता.

ही खटपट एकदाच करायची असते, म्हणून ती करावीच, असं माझं मत झालं. एकदा फाईल बरोबर उतरली की ती कुठल्या डिस्कवर ठेवली यावर आवाज अवलंबून नसतो. अमुक डिस्कचा आवाज गोड, तमुकचा कोरडा, असं सांगणारे विक्रेते भेटले. मी ऐकून घेतलं, पटलं मात्र नाही. फरक पडतो तो आकड्यांचा पुन्हा विद्युतलहरीत अनुवाद करणाऱ्या डॅकने, अँपने, स्पीकरने आणि सगळ्यात जास्त खोलीने.

साठवायचं कशात, हा प्रश्नही सोपा आहे. फ्लॅक हा फाईलचा प्रकार २००१ पासून आहे आणि मुक्त आहे. त्यात एक नमुनाही न गमावता फाईल साधारण निम्म्यावर येते. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर अडीच हजारांच्या आसपास सीडी मावतात. फायलीच्या आतच ध्वनीची खूणगाठ बांधलेली असते, त्यामुळे दहा वर्षांनी काही बिघडलं आहे का, ते तपासता येतं. एमपी३ मध्ये प्रत्येक ट्रॅकच्या मागेपुढे थोडी शांतता चिकटते. विलंबित संपून द्रुत सुरू होताना, जिथे तबला श्वासही घेत नाही, तिथे नेमका ट्रॅक बदलत असेल तर तिथे खड्डा पडतो. यमन तिथे मोडतो.

आता डबे. हे वाटलं तितकं एकजिनसी कुळ नाही.

इंग्लंडमध्ये मार्टिन ब्रेनन यांच्या जेबी७ने साध्या माणसाला हे यंत्र दिलं. सीडी घाला, बटण दाबा, ती आत जाते. त्याची जाहिरात २०११ मध्ये तिथल्या जाहिरात नियामकाने अडवली, कारण इंग्लंडच्या कायद्यात आपल्याच सीडीची घरगुती नक्कलही बेकायदा होती आणि जाहिरात ते सांगत नव्हती. पुढे २०१४ मध्ये तशी परवानगी मिळाली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली.

सॉल्झबरीच्या नेम कंपनीचा २००८चा एचडीएक्स दुसऱ्या टोकाचा. आत दोन डिस्क, एक गाण्यांची आणि दुसरी तिची नक्कल. ऐकायला देखणा. पण त्या पिढीत गाणी डब्ल्यूएव्ही फायलींत जायची आणि नावं त्यांच्याबाहेर वेगळी ठेवलेली. फायली दुसऱ्या यंत्रावर नेल्या की गाणी येत, नावं मागे राहत. सोनीचा २०१३चा एचएपी-झेड१ईएस माझा आवडता. त्याचं लोखंडी-ॲल्युमिनियमचं अंग पाहिलं की हात लावावासा वाटतो. आत एक टीबी. पण सीडीचा खण नाही आणि डिजिटल आउटपुटही नाही. कॉम्प्युटरवर गाणी उतरवायची, घरच्या नेटवर्कने आत पाठवायची आणि सोनीच्याच डॅकने ऐकायची. ज्याच्याकडे आधीच चांगला डॅक आहे, त्याने तो कुठे जोडायचा?

दक्षिण कोरियाच्या कॉकटेल ऑडिओच्या डब्यांत सीडीही जाते आणि डिस्कसाठी मागे खण असतो, ती आपली आपण बसवायची. पोर्तुगालच्या इनुओसचे काही झेन डबेही सीडी घालून चालणारे. आज कुणी मला एकच नीटनेटका डबा विचारला तर मी या दोन घराण्यांकडे बोट दाखवीन. कारण साधं आहे. त्यांच्यातल्या फ्लॅक फायली कॉम्प्युटरवरून दिसतात, उचलता येतात.

ही कसोटी मला लॉजिटेकच्या गोष्टीने शिकवली. स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीचा स्क्वीझबॉक्स २००३चा. लॉजिटेकने २००६ मध्ये कंपनी घेतली आणि काही वर्षांत स्क्वीझबॉक्स बंद केला. एरवी ते डबे कचऱ्यात गेले असते. पण गाणी पुरवणारा प्रोग्राम पहिल्यापासून मुक्त होता. वापरणाऱ्यांनीच तो पुढे चालू ठेवला. आज तो लिरियन नावाने चालतो आणि जुने स्क्वीझबॉक्स त्यावर वाजतात.

काकांच्या अटीवर मात्र हे सगळे अडखळले.

सीडीवर बहुधा नावं कोरलेली नसतात. डबा ट्रॅकच्या लांब्या मोजतो आणि इंटरनेटवरच्या यादीत तशी सीडी शोधतो. जुनी सीडीडीबी आणि तिच्यानंतरची फ्रीडीबी यांची ओळख पटवण्याची रीत ट्रॅकची संख्या, एकूण लांबी आणि सुरुवातींच्या सेकंदांची एक छोटी बेरीज एवढ्यावरच होती. बारा गाण्यांच्या सीडीला ती पुरे. पण एकच राग, एकच ट्रॅक असलेल्या सीडी जर सेकंदाला सेकंद सारख्या लांबीच्या असल्या, तर या पद्धतीला त्या सगळ्या एकच वाटतात. काकांचा तोडी एकदा जर्मन भाषेतलं व्याख्यान म्हणून नोंदला गेला, तो यामुळे.

नाव मिळालं तरी भागत नाही. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, आणि इंग्रजी स्पेलिंगची चार रूपं. डब्याच्या लेखी ही वेगवेगळी माणसं. गीतरामायणाची वेगळी गंमत. सगळ्या सीडींना एकच नाव दिलं आणि कितवी सीडी ते लिहायचं राहिलं, तर डबा आधी प्रत्येक सीडीतलं पहिलं गाणं वाजवतो, मग प्रत्येकातलं दुसरं. ५६ गाण्यांची रामकथा अशी पत्त्यांसारखी पिसून निघते. आणि निवडक गाण्यांच्या सीडीत ‘अल्बमचा कलाकार’ हा रकाना रिकामा ठेवला, तर चौदा गाण्यांचे चौदा अल्बम होतात.

रागाचा रकाना तर कुठेच नाही. कलाकार, अल्बम, संगीतकार, प्रकार, एवढेच दरवाजे. काही जण राग ‘प्रकार’मध्ये कोंबतात, मग ख्याल आणि ठुमरी कुठे लिहायची? काही जण बंदिशीच्या नावाआधी लिहितात, मग ‘यमन’ शोधलं की ‘यमन कल्याण’ही येतो. काका म्हणतात येऊ दे, त्यांच्या गुरुबंधूंना ते पटत नाही.

फ्लॅकची खुबी इथे कामी येते. तिच्यात हवा तो रकाना आपण काढू शकतो, राग, ताल, घराणं, बैठकीची जागा. फक्त तो दाखवणारा प्रोग्राम हवा. मिनिमसर्व्हर नावाचा प्रोग्राम आपण सांगू त्या रकान्याची यादी करून देतो आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालतो. म्हणून काकांनी डबा घेतलाच नाही. पाय, एक एसएसडी, आधीचाच डॅक. यादी फोनवर दिसते.

एसएसडीचं कारण ऐकण्याचं होतं, दर्जाचं नाही. फिरणारी हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिची बारीक गुणगुण खोलीत राहते आणि मधूनच डोकं हलल्याची कटकट ऐकू येते. ठुमरीत लक्ष जात नाही. तानपुऱ्यावर पहिला सा लागायच्या आधी मात्र तीच ऐकू येते. नकलेची मोठी, फिरणारी डिस्क त्यांनी आतल्या खोलीत, पुस्तकांमागे ठेवली.

राहिला विजेचा प्रश्न. वीज अचानक गेली आणि त्या क्षणी यादी लिहिली जात असली, तर यादी खराब होते, कधी डिस्कही. छोटा यूपीएस घ्यायचाच, हा खर्च कुठल्याच जाहिरातीत धरलेला नसतो. आणि डिस्क कधी ना कधी मरते. आतल्या जोड-डिस्कवरची नक्कल चोरी आणि आग यांच्यापुढे उपयोगाची नाही. काकांची दुसरी डिस्क नाशिकला मुलीकडे असते. दिवाळीला ती इकडे येते, इकडची तिकडे जाते, आणि मध्ये उतरवलेल्या बैठका तेवढे महिने एकाच जागी राहतात. त्यावर तिसरी डिस्क घ्यायची की नाही, यावरून घरात अजून वाद चालू आहे.