समोरचा संघ

६६४ हा आकडा मुंबईत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदानावरची ससानियन क्लबची खेळपट्टी, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. शारदाश्रमचे दोन गडी ८४ धावांत गेले. मग सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी एकत्र आले ते शेवटपर्यंत हललेच नाहीत. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४ ची, डाव २ बाद ७४८ वर घोषित. सहायक प्रशिक्षक लक्ष्मण चव्हाण सीमारेषेवरून डाव सोडण्याच्या खुणा करत होते आणि ही दोन पोरं मुद्दाम तिकडे बघत नव्हती. शेवटी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांना फोन गेला, सरांनी फर्मावलं तेव्हा डाव सुटला. साडेतीनशेला एक धाव कमी असलेला कांबळी हिरमुसला. मग त्यानेच ऑफस्पिन टाकून ३७ धावांत सहा बळी घेतले आणि झेवियर्सचा डाव १४५ वर आटोपला.

या दोघांवर आजवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्याच सामन्यातल्या दुसऱ्या दोन मुलांबद्दल लिहायचं आहे. एक जण भागीदारी चालू असताना सगळा वेळ पॅड बांधून बसला होता. दुसरा सगळा वेळ बॉलिंग टाकत होता.

पॅड बांधून बसलेला मुलगा म्हणजे अमोल मुझुमदार. शारदाश्रमचा पुढचा फलंदाज तोच होता आणि त्याचा नंबर आलाच नाही. पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध त्याने २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा जमवल्या, २००६-०७ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, पण भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक अमोल मुझुमदार होता.

बॉलिंग टाकणारा मुलगा होता झेवियर्सचा लेगस्पिनर साईराज बहुतुले. दीडशेहून जास्त धावा त्याच्या नावावर लागल्या, बळी एकही नाही. शाळकरी वयात एवढा मार खाल्लेल्या फिरकी गोलंदाजाने चेंडू कायमचा खाली ठेवला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. दोन वर्षांनी एका भीषण मोटार अपघातात त्याचा पाय जायबंदी झाला. त्यातूनही तो उठला, मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळला, २००१ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी पदार्पण केलं आणि प्रथम श्रेणीत ६३० बळी घेऊन निवृत्त झाला.

हे दोघे त्या सामन्यातून सावरले आणि मोठे झाले याचं एक कारण त्यांच्या स्वभावात आहे, हे उघड आहे. दुसरं कारण स्पर्धेत आहे. झेवियर्स हा उपांत्य फेरी गाठलेला संघ होता, सुनील गावसकरांच्या शाळेचा. गावसकर १९६६ साली देशातले सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरले ते याच शाळेच्या टोपीत. म्हणजे त्या दिवशी मैदानावर दोन खरे संघ उतरले होते. एकाला विलक्षण दिवस लाभला, दुसऱ्याची धूळधाण झाली, पण ज्याची धूळधाण झाली त्याला पुढच्या हंगामात परत यावंसं वाटलं. शालेय खेळाचं माझ्या लेखी हेच मुख्य काम आहे.

मुंबईच्या शालेय क्रिकेटचा हंगाम पावसानंतर रंगात येतो. पावसाळ्यात मोठ्यांची कांगा लीग असते, चिखलात आणि ओल्या खेळपट्टीवर. १९४८ पासूनच्या या लीगमध्ये शाळकरी पोरंही क्लबांकडून उतरतात. मैदानं वाळली की चौदा वर्षांखालच्यांसाठी जाइल्स शील्ड आणि सोळा वर्षांखालच्यांसाठी हॅरिस शील्ड. हॅरिस हे १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, इंग्लंडचे माजी कर्णधार. त्यांच्या नावाची ढाल शंभराहून जास्त वर्षं शाळांच्या कपाटांत फिरते आहे. दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास सकाळच्या लोकलमध्ये दाराजवळ किटबॅग टेकवून उभी असलेली मुलं दिसतात, ती बहुधा यातल्याच कुठल्यातरी फेरीला निघालेली असतात. आझाद मैदानावर एकाला खेटून एक सामने चालतात. एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या मिडविकेटच्या पाठीला पाठ लावून उभा. नव्या माणसाला कोण कुणाच्या बाजूने खेळतोय ते कळत नाही, मुलांना मात्र आपला चेंडू बरोबर ओळखू येतो.

या स्पर्धांनी काय दिलं ते सांगायला रवी शास्त्री यांच्या शाळेची गोष्ट मला सर्वात आवडते. माटुंग्याचं डॉन बॉस्को १९७६ साली जाइल्स शील्डच्या अंतिम फेरीत पोहोचलं आणि सेंट मेरीजकडून हरलं. सेंट मेरीजकडे तेव्हा शिशिर हट्टंगडी आणि जिग्नेश संघानी हे पुढे रणजी खेळलेले दोघे होते. पुढच्या वर्षी शास्त्री कर्णधार झाले आणि डॉन बॉस्कोने शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा जाइल्स शील्ड जिंकली. या गोष्टीत पाचशे धावा नाहीत. एक हार आहे, एक वर्षाचा सराव आहे आणि एक ढाल आहे.

आता गेल्या काही वर्षांचे आकडे पाहा. २००९ मध्ये रिझवी स्प्रिंगफील्डच्या सरफराझ खानने हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा केल्या, वयाच्या बाराव्या वर्षी. २०१० मध्ये त्याच शाळेच्या अरमान जाफरने जाइल्स शील्डमध्ये ४९८. २०१२-१३ च्या हंगामात पुन्हा अरमानच्या ४७३. नोव्हेंबर २०१३ मध्ये विरारहून येणाऱ्या पृथ्वी शॉने, पुन्हा रिझवीकडूनच, ३३० चेंडूंत ५४६. पाच वर्षांच्या आत चार डोंगर आणि चारही एकाच शाळेचे. या मुलांच्या गुणवत्तेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पृथ्वीने २०१८ मध्ये कर्णधार म्हणून युवा विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात १३४ धावा काढल्या. सरफराझही पुढे राजकोटलाच कसोटीत उतरला. पण शॉच्या ५४६ धावांच्या सामन्यात समोरच्या सेंट फ्रान्सिस डी'असिसीचा पहिला डाव ९२ वर संपला होता, हे किती जणांच्या लक्षात आहे?

सामने इतके एकतर्फी का होतात, त्याचं कारण समजायला सोपं आहे. ज्या शाळेत चांगला प्रशिक्षक, नेट आणि पाठीशी उभं राहणारं व्यवस्थापन आहे तिथे चांगली मुलं गोळा होतात. खुद्द तेंडुलकर वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून शारदाश्रमला आले ते आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी रोहित शर्माला आणलं तेव्हा तो ऑफस्पिन टाकणारा मुलगा होता. फी परवडणार नाही म्हटल्यावर शाळेने ती माफ केली. लाड यांना त्याच्यातला फलंदाज दिसला आणि पुढचं सगळं जगाने पाहिलं. शाळेने असं दार उघडलं नसतं तर कितीतरी घरांतली मुलं मैदानापर्यंत पोहोचली नसती, म्हणून मी या पद्धतीला सरसकट नावं ठेवणार नाही. पण एका दारातून वीस गुणी मुलं आत गेली की आजूबाजूच्या दहा शाळांचे संघ रिकामे होतात. त्या शाळांत मैदान नसतं, पीटीचे सर एकटेच कबड्डीपासून लेझीमपर्यंत सगळं बघतात आणि स्पर्धेच्या तोंडावर टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलांच्या हातात सीझन बॉल येतो.

मग कल्याणसारखं होतं. जानेवारी २०१६ मध्ये के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने भंडारी चषक स्पर्धेत ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. पहिल्याच दिवशी ६५२ काढून त्याने ११६ वर्षांपूर्वीचा विक्रम मागे टाकला. तो विक्रम होता इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा, १८९९ मधल्या नाबाद ६२८ धावांचा, आणि तोही शाळेतल्याच दोन हाउसमधल्या सामन्यातला. कल्याणला डाव ३ बाद १४६५ वर घोषित झाला. समोर आर्य गुरुकुलचे दोन डाव ३१ आणि ५२ वर संपले. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय. आर्य गुरुकुलची नेहमीची मोठी मुलं त्या सामन्यात नव्हती, उतरली होती ती वयाने लहान मुलं.

प्रणवचं मला मनापासून कौतुक आहे. दोन दिवस एकाग्रता टिकवून ३२७ चेंडू खेळणं हे कुठल्याही गोलंदाजीवर सोपं नाही. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा हा मुलगा एका रात्रीत जगभरच्या वर्तमानपत्रांत गेला. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे धावा आटल्या, अपेक्षांचं ओझं झालं, आणि २०१७ च्या अखेरीस वडिलांनीच पत्र लिहून ती शिष्यवृत्ती थांबवायची विनंती केली. इतकं स्वाभिमानी पत्र आपल्या क्रीडाक्षेत्रात फार क्वचित लिहिलं गेलं असेल. पण पंधरा वर्षांच्या मुलावर ते ओझं टाकलं कुणी? हजाराचा आकडा ज्या सामन्यात निघाला तो सामना बरोबरीचा नव्हता, हे मोठ्या माणसांनी त्याच संध्याकाळी स्पष्ट सांगायला हवं होतं. आपण हार घालत बसलो.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. तेंडुलकर-कांबळींची भागीदारी मागे पडली ती २००६ साली हैदराबादेत. सेंट पीटर्स शाळेच्या सलामीच्या जोडीने ४० षटकांत नाबाद ७२१ धावा केल्या आणि समोरचा संघ २१ धावांत बाद झाला. ६६४ ची भागीदारी पस्तीस वर्षांहून जास्त काळ लोकांच्या तोंडी आहे आणि ७२१ ची फारशी कुणाच्या लक्षात नाही. मला वाटतं, लोकांना आतून कळतं की समोर झेवियर्स असणं आणि समोर २१ धावांचा संघ असणं यात फरक आहे.

सर्वात जास्त अस्वस्थ करणारा सामना २०१९ चा, हॅरिस शील्डमधलाच. पहिली बॅटिंग करणाऱ्या संघाच्या ७६१ धावा झाल्या, त्यातल्या दीडशेहून जास्त धावा समोरच्यांनी ठरलेल्या वेळेत षटकं पूर्ण न टाकल्याच्या दंडाच्या. उत्तरादाखल अंधेरीच्या एका शाळेचा संघ सात धावांत बाद झाला. सातही अवांतर. एकाही मुलाला एकही धाव काढता आली नाही. बातमी देशभर हसून वाचली गेली. त्या मुलांना दुसऱ्या दिवशी वर्गात जायचं होतं. बहुतुलेसारखं परत यायला त्यांच्यापाशी काय होतं? ना नेट, ना क्लब, ना पुढचा सामना, कारण बाद फेरीची स्पर्धा एका हारेत संपते.

म्हणून मला दोन-तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कांगा लीगमध्ये ए पासून जी पर्यंत गट असतात, चांगले खेळाल तर वर जाल, नाही तर खाली. मुंबईच्या मैदानांना ही पद्धत मुरलेली आहे. शाळांनाही तशीच लावता येईल, म्हणजे पहिल्यांदा सीझन बॉल हातात घेतलेला संघ आपल्यासारख्याच संघाशी चार-पाच सामने खेळेल, दोन हरेल, दोन जिंकेल. चौदा वर्षांखालच्या गटात फलंदाजाने शतकानंतर जागा सोडावी, मागे पॅड बांधून बसलेल्याला खेळू द्यावं. आणि ज्या शाळांनी बाहेरची गुणी मुलं घेतली आहेत त्यांनी शेजारच्या एका साध्या शाळेला आठवड्यातून एकदा आपली नेट उघडून द्यावी. यातल्या कशालाही मोठा पैसा लागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर संघ उभा करण्यापासून सुरुवात आहे. जेमिमा रॉड्रिग्ज शाळेत होती तेव्हा तिच्या वडिलांनी, इव्हान रॉड्रिग्ज यांनी, तिच्या शाळेत मुलींचा क्रिकेट संघ उभारण्यात पुढाकार घेतला. ३० ऑक्टोबर २०२५ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणाऱ्या खेळाडूची सुरुवात अशी होती. आधी कुणीतरी अकरा मुली गोळा केल्या, मग डाव झाला.

दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून आज पालक मुलांना मैदानावर पाठवतात, त्यालाही माझी हरकत नाही. निमित्त काहीही असो, मूल मैदानावर यायला हवं. पण गुण जिंकलेल्याला मिळतात आणि पुढच्या वर्षी स्पर्धा चालू राहते ती हरलेले परत आले तरच. या हंगामात तुमच्या जुन्या शाळेचा संघ कुठल्याही स्पर्धेत उतरणार असेल, क्रिकेट असो, खो-खो किंवा कबड्डी, तर पहिल्या फेरीच्या सामन्याला जा. माजी विद्यार्थी म्हणून काही द्यायचं असेल तर ढाल ठेवायला काचेचं कपाट देऊ नका. हेल्मेटं, सरावाचे चेंडू आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा एक प्रशिक्षक द्या.