सोयाबीनच्या गाठी आणि कार्व्हर

औसा तालुक्यात सोयाबीन फुलोऱ्यात आलं की एक झाड मुळासकट हळूच उपटावं. मुळावरची गाठ नखानं फोडावी. आत गुलाबी दिसली, तर जिवाणू हवेतला नत्र पिकाला पुरवताहेत. युरियाची घाई नको. भुईमूग, चवळीही हेच करतात, हे कापसानं खंगलेल्या अमेरिकी दक्षिणेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी पटवलं. गुलामीत जन्मलेले हे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ १८९६ मध्ये टस्कीगीला आले. १९०६ मध्ये बियाणं, अवजारं लादलेली गाडीच शाळा म्हणून खेडोपाडी निघाली. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे (१९८१) ते मराठी घरांत पोचले, लक्षात राहिला तो भुईमूग, फेरपालट नाही. इथंही सोयाबीनमागं हरभरा, पुन्हा सोयाबीन. ज्वारी मागं पडली. गाठी पांढरट निघाल्या, तर पुढच्या पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळावं.