प्लेगचा आलेख आणि त्यात नसलेले उंदीर

साथीच्या गणितावरची बरीच पुस्तकं उघडली की एक जुना आलेख भेटतो. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर मृत्यू. ठिपके आधी सावकाश चढतात, मग झपाट्याने वर जातात आणि नऊशेच्या आसपास पोचून उतरू लागतात. त्यांच्यामधून घंटेच्या आकाराची एक रेघ गेलेली दिसते. हे ठिपके आपल्या मुंबईचे आहेत. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात दर आठवड्याला प्लेगने किती माणसं गेली, त्याची ती नोंद आहे.

ती रेघ काढली एडिंबरोच्या विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी, १९२७ साली. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ होते. प्रयोगशाळेतल्या स्फोटात १९२४ मध्ये त्यांची दृष्टी गेली होती, आणि हे काम त्यानंतरचं आहे. मॅकेंड्रिक डॉक्टर होते, अनेक वर्षं हिंदुस्थानात नोकरी केलेले. दोघांनी माणसांचे तीन गट मानले: अजून लागण न झालेले, आजारी असलेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसं कोणत्या वेगाने सरकतात, ते समीकरणात मांडलं. कोविडच्या काळात वापरलेल्या बऱ्याच मॉडेलांचं मूळ इथे आहे.

रेघ ठिपक्यांवर इतकी चपखल बसते की पाहणाऱ्याला वाटतं, मॉडेल खरं ठरलं. हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि तो शिकलेल्यांमध्येही आहे. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. तो पिसवांमार्फत माणसांत येतो. या मॉडेलमध्ये मात्र ना उंदीर आहेत, ना पिसवा. लेखकांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. साधा हिशेब करून पाहा. त्या रेघेखालचे सगळे मृत्यू मिळवले तर सुमारे नऊ हजार होतात. मुंबईची वस्ती तेव्हा नऊ-दहा लाखांची होती. म्हणजे लागण व्हायला पुरेशी माणसं उरली नाहीत म्हणून साथ ओसरली, हे मॉडेलचं स्पष्टीकरण इथे टिकत नाही. मुंबईत प्लेग दरवर्षी साधारण याच सुमारास चढायचा आणि उन्हाळा तापला की उतरायचा. उताराचं श्रेय ऋतूला आणि उंदीर-पिसवांना जास्त जातं. आकडे जुळले म्हणजे कारणही कळलं, असं होत नाही.

मग ते काम फुकट गेलं का? मुळीच नाही. साथ थांबते ती सगळ्यांना लागण झाल्यावर किंवा जंतू दमल्यावर, अशी पूर्वी समजूत होती; आजही पुष्कळांची आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी दाखवलं की लागण न झालेली पुष्कळ माणसं शिल्लक असतानाही साथ आटोपते, कारण त्यांची संख्या एका पातळीखाली गेली की नव्या रुग्णांची भर घटू लागते. एक रुग्ण सुरुवातीला सरासरी दोघांना रोग देत असेल, तर ही पातळी निम्म्या लोकसंख्येवर येते. पण रोग मोकाट सुटला असेल तर आधीच आजारी असलेले लोक पुढेही लागण करत राहतात आणि मॉडेलच्या हिशेबाने ८० टक्क्यांच्या आसपास लोक सापडतात. निम्मे आणि ८० टक्के यांमधली माणसं वाचवता येण्याजोगी असतात. लशीच्या आग्रहामागेही या पातळीचाच हिशेब असतो. डासांच्या बाबतीत रोनाल्ड रॉस यांनी हेच आधी सांगितलं होतं: मलेरिया हटवायला शेवटचा डास मारावा लागत नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की पुरतं.

‘एक रुग्ण दोघांना’ हा आकडा जंतूच्या अंगावर कोरलेला असतो, असंही समजलं जातं. तो जंतूइतकाच आपल्या राहणीतून येतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत सुमारे १६ टक्के लोकांच्या. शहर एक, विषाणूही तोच. फरक होता तो दहा बाय दहाच्या खोलीचा आणि सार्वजनिक शौचालयापुढच्या रांगेचा. अशा शहराची एकच सरासरी काढून मॉडेलला दिली, तर उत्तर ना त्या वस्तीचं येतं, ना या.

आणि भाकितं? मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ब्रिटनसाठी सुमारे ५ लाख १० हजार मृत्यूंचा आकडा दिला. तो खरा ठरला नाही म्हणून शास्त्रज्ञांवर टीका झाली. पण तो आकडा ‘काहीच केलं नाही तर’ या अटीवर होता, आणि आठवड्याभरात ब्रिटनने टाळेबंदी केली. ही टीका अन्यायाची होती.

आपल्याकडचं उदाहरण जास्त वेदनेचं आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं की साथीचा कळस सप्टेंबरमध्ये होऊन गेला आणि फेब्रुवारीपर्यंत ती जवळजवळ संपेल. त्यालाही अट होती: खबरदारीचे नियम पाळत राहिलो तर. लोकांच्या लक्षात राहिला तो फेब्रुवारी, अट विसरली गेली. विषाणू रूप बदलून जास्त वेगाने पसरेल, ही शक्यता तर त्या गणितात धरलेलीच नव्हती. फेब्रुवारी उजाडला तेव्हा अमरावती-अकोल्यात रुग्ण पुन्हा वाढू लागले होते. मे महिन्यात देशात एकेका दिवशी चार लाखांवर नवे रुग्ण नोंदले जात होते, आणि नातेवाईक रिकामे सिलिंडर घेऊन ऑक्सिजनसाठी रांगेत उभे होते.