घरच्या गोणीतला बटाटा

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांच्या याद्या, वसतिगृहाचा वृत्तांत व जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी यांच्या पंक्तीस बटाट्याच्या लागवडीवरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु इंदुरातील आपली बहुतेक कुटुंबे आता वाडे सोडून सदनिकांत राहावयास गेली आहेत. अंगण गेले, परसदार गेले, अळूचा वाफा गेला. उरली ती तीन हात रुंदीची गॅलरी, नाहीतर सर्वांची मिळून एक गच्ची. एवढ्या जागेत घरचे म्हणण्याजोगे काही पिकेल काय, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरी गेली सहा वर्षे मिळत आले आहे. ते येथे सांगावयाचे आहे.

आमचे वडील, म्हणजे नाना, यांनी उभा जन्म शेती पाहिली. शेत विकून ते आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहावयास आले, तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर होते. सकाळी वर्तमानपत्र संपले की दिवसभर करावयाचे काय, हे त्यांना उमगेना. जेवण कमी झाले, बोलणे कमी झाले. एके दिवशी स्वयंपाकघरातील टोपलीत मोड आलेले चार बटाटे त्यांनी उचलले आणि तांदळाची रिकामी गोणी मागितली. आम्हांस वाटले, म्हातारपणचा छंद. पण त्या गोणीने त्यांना पुन्हा पहाटे उठावयास लावले.

पहिल्या वर्षी मात्र पीक आले नाही. गोणीस तळाशी भोके पाडलेली नव्हती. पाणी साचले आणि बेणे कुजून गेले. हा पहिला धडा.

बटाटा कोठे येतो

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि 'बटाटा' हा शब्दही आपण त्यांच्याच भाषेतून घेतला. म्हणून येथील बाजारात 'आलू' मागणारे आपण घरात शिरताच 'बटाटा' म्हणू लागतो. परदेशातून आलेला हा पाहुणा आपल्या एकादशीच्या फराळात इतका मुरला आहे, की कीस नसेल तर उपवास घडल्यासारखा वाटत नाही.

बटाटा हे मूळ नव्हे. झाडाच्या खोडाचा जो भाग मातीत असतो, त्याच्या बगलेतून पांढऱ्या दोऱ्यासारखे फाटे निघतात. त्या फाट्यांची टोके फुगून बटाटा बनतो. म्हणजे बटाटा हे जमिनीत वाढणारे खोडच होय, आणि त्यावरचे 'डोळे' म्हणजे त्याच्या कळ्या. एवढे ध्यानात ठेवले, की पुढील सर्व कृतींचे कारण आपोआप समजते. फाट्यांस अंधार मिळाला तर बटाटे धरतात. उजेड लागला तर त्याच फाट्यांस पाने फुटतात, आणि उघड्या पडलेल्या बटाट्याची साल हिरवी होते.

दुसरी गोष्ट थंडीची. रात्री गार असल्या, साधारणतः वीस अंशांच्या खाली, म्हणजे बटाटा चांगला धरतो. उन्हाळ्यात झाड वाढलेले दिसेल, पण खाली काही सापडणार नाही. म्हणून माळव्यात दिवाळी ते तुळशीचे लग्न एवढ्या काळात लावणी करावी. मग महाशिवरात्रीच्या उपवासास घरचे बटाटे मिळतात. बेळगावकडे व पुणे जिल्ह्यात खेडच्या बाजूस पावसाळ्यातही बटाटा घेतात, कारण तेथील पावसाळा गार असतो. ज्यांची मुले-बाळे तिकडे आहेत, त्यांनी तेथील रीत पाळावी.

बेणे

बाजारातील प्रत्येक बटाटा उगवेलच असे नाही. नुकताच काढलेला बटाटा दोन-अडीच महिने निद्रिस्त असतो. शिवाय काही शीतगृहांत मोड येऊ नयेत म्हणून औषधाचा धूर देतात. असा बटाटा लावल्यास वाट पाहण्यातच हंगाम निघून जातो. म्हणून खात्रीचे बेणे घ्यावे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या जातींची नावे 'कुफरी' या शब्दाने सुरू होतात. कुफरी हे सिमल्याजवळचे गाव. १९६८ साली आलेली 'कुफरी ज्योती' आपल्या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. १९७२ साली आलेल्या 'कुफरी लवकर' या जातीचे तर नावच मराठी आहे, आणि ती नावाप्रमाणे लवकर येते.

लावणीपूर्वी दोन आठवडे बेणे सावलीत, मंद उजेडात, डोळे वर करून पसरून ठेवावे. अर्ध्या इंचाचे जाड, आखूड कोंब आले की ते तयार झाले. अंधारात आलेले लांब, पांढरे कोंब लावताना मोडतात. कोंबडीच्या अंड्याएवढे बेणे असेल तर अख्खेच लावावे. मोठे असल्यास प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे येतील असे कापावे आणि फोडी एक-दोन दिवस सावलीत सुकू द्याव्यात. ओली फोड गरम मातीत हटकून कुजते.

गोणी व माती

कुंडी, जुनी बादली, पत्र्याचा डबा, गोणी, काहीही चालते. खोली मात्र फूट-दीड फूट पाहिजे आणि तळाशी बोटाएवढी सात-आठ भोके पाहिजेत. पंधरा लिटरच्या बादलीत एक बेणे, चाळीस लिटरच्या गोणीत तीन. याहून अधिक लावण्याचा मोह धरू नये. दाटी झाली की बटाटे सुपारीएवढे राहतात.

आपली काळी माती एकटी वापरू नये. ती ओली असता चिकट व वाळली असता दगडासारखी होते, त्यामुळे बटाट्यास फुगावयास जागा मिळत नाही. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग कुजका पालापाचोळा किंवा जाड वाळू असे मिश्रण करावे. मूठभर निंबोळी पेंड घालावी. कच्चे शेण घालू नये. राखही फार घालू नये, त्याने सालीवर खवले धरतात. ज्या मातीत आदल्या वर्षी टोमॅटो, वांगी किंवा मिरची होती तीही घेऊ नये. ही सारी बटाट्याचीच भावंडे असल्यामुळे एकाचे रोग दुसऱ्यास लागतात.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. चाळीस लिटर ओल्या मिश्रणाचे वजन चाळीस-पन्नास किलो भरते. दहा गोण्या एका ठिकाणी ठेवल्या तर गच्चीच्या एकाच भागावर पाच क्विंटलांचा भार पडतो. जुन्या वाड्याच्या माळवदावर हा प्रयोग करू नये. नव्या इमारतीतही गोण्या भिंतीच्या कडेने, विटांवर, एकमेकींपासून दूर ठेवाव्यात आणि शेजाऱ्यांस विचारून ठेवाव्यात.

लावणी, भर व पाणी

गोणीचा काठ खाली दुमडून तळाशी सहा इंच मिश्रण घालावे, त्यावर बेणे ठेवून तीन-चार इंच मातीने झाकावे. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. झाड सहा-आठ इंचांचे झाले की निम्मे खोड झाकेल इतकी मातीची भर द्यावी आणि गोणीचा काठ तेवढा वर उलगडावा. पंधरा दिवसांनी पुन्हा भर द्यावी. शेतकरी सरीवर माती चढवितो, तेच हे काम.

कोणी म्हणतात की चार फूट उंच पिंप भरीत गेले तर थरावर थर बटाटे लागतात. आम्ही एक वर्ष करून पाहिले. बटाटे तळच्या फूटभर मातीतच लागले, वरच्या मातीत नुसते खोड. आपल्याकडील लवकर येणाऱ्या जातींत फाटे थोड्या काळात व थोड्या जागेतच फुटतात. तेव्हा दोन वेळा भर दिली की पुरे.

ऊन पाच-सहा तास मिळावे. पाणी बोटाने माती चाचपून द्यावे. दोन इंच खाली ओल नसेल तरच घालावे. एकदा अगदी सुकवून मग भरपूर पाणी दिल्यास बटाटे तडकतात किंवा आतून पोकळ होतात. पानांच्या खाली मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा. ढगाळ, दमट हवेत पानांवर काळपट ओले डाग पसरू लागले तर तो करपा समजावा आणि ती पाने तोडून दूर टाकावीत. आयर्लंडमध्ये १८४५ सालापासून जो मोठा दुष्काळ पडला, त्याचे मूळ याच रोगात होते. म्हणून त्याची हयगय करू नये.

काढणी

तीन महिन्यांच्या सुमारास पाने पिवळी पडतात. मग पाणी तोडावे. दहा दिवसांनी झाड जमिनीलगत कापावे आणि आणखी आठ-दहा दिवस गोणी तशीच राहू द्यावी. या अवधीत साल पक्की होते. एक बटाटा काढून अंगठ्याने घासून पाहावा. साल सुटली नाही तर काढणीस हरकत नाही. गोणी जुन्या चादरीवर उपडी करावी. हे काम घरातील मुलांकडे द्यावे. बटाटा झाडावर लागतो असे समजणाऱ्या आमच्या नातीचा चेहरा त्या वेळी पाहण्याजोगा होता.

उत्पन्नाविषयी खरे सांगतो. आमच्या एका गोणीत दीड ते दोन किलो बटाटे निघतात. माती, खत व बेण्याचा खर्च मांडला तर पहिल्या वर्षी बाजारचा बटाटाच स्वस्त पडतो. पैसा वाचविण्यासाठी कोणी हा उद्योग करू नये.

हिरवा बटाटा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या वर्षी आमचे पीक चांगले आले. नानांनी ते येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखविण्यासाठी गॅलरीत सुपात मांडून ठेवले. पाच-सहा दिवस उजेड लागला आणि बऱ्याच बटाट्यांवर हिरवी झाक आली. आईने ते वेगळे काढताच नाना रागावले. आपल्या हाताने पिकविलेले अन्न टाकावयाचे, हे शेतकऱ्याच्या मनास कसे रुचावे! दोन दिवस घरात कोणी मोकळेपणी बोलले नाही. पण आईचेच बरोबर होते. हिरवेपणा स्वतः विषारी नसतो, परंतु तो दिसला म्हणजे त्या बटाट्यात सोलानीन नावाचे विषारी द्रव्य वाढले आहे, असे समजावे. त्याने उलट्या, जुलाब व पोटदुखी होते. लहान मुलांस ते अधिक बाधते. उकडल्याने किंवा तळल्याने ते जात नाही. सालीवर जरासा हिरवा डाग असेल तर तो भाग जाड कापून टाकावा, फार हिरवा किंवा चवीस कडू असेल तर अख्खा बटाटा टाकावा. मोडही खाऊ नयेत. झाडास क्वचित लहान हिरव्या टोमॅटोसारखी फळे येतात, तीही विषारी होत. मुलांना हे आधी सांगून ठेवावे.

काढलेले बटाटे धुऊ नयेत. सावलीत दोन दिवस सुकवून टोपलीत किंवा तागाच्या पोत्यात, अंधाऱ्या व हवेशीर जागी ठेवावेत. शीतकपाटात ठेवल्यास त्यांत साखर वाढते आणि तळताना ते काळे पडतात.

घरचेच बटाटे वर्षानुवर्षे बेण्यास वापरू नयेत. मावा एका झाडाचा विषाणुरोग दुसऱ्यास देतो. तो रोग बेण्यातून पुढे चालतो आणि दरवर्षी पीक घटत जाते. दोन-तीन वर्षांनी बेणे बदलावे. परंतु बेण्याचे पोते पन्नास किलोंचे, आणि एका घरास लागते ते अर्धा-पाऊण किलो. येथे आपल्या संस्थेचा उपयोग आहे. साठ-सत्तर घरांनी मिळून नवरात्रात एक पोते आणावे आणि कार्यालयात वाटून घ्यावे. भाऊबीजेनंतर लावणी केली तर महाशिवरात्रीस प्रत्येकाच्या घरी स्वतःच्या बटाट्याचा कीस होईल.

नाना आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. यंदा त्यांच्या पाच गोण्या आहेत. काढलेला बटाटा ते आता स्वतःच, कोणी सांगण्यापूर्वी, पोत्याखाली झाकून ठेवतात.